भास्करच्या नावावरचे सतरा बदल

लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळत असे. हे मी गमतीने सांगते असं घरच्यांना वाटतं, पण माझी नोकरी खरोखरच ती होती. कॉम्प्युटरमध्ये कोणाला कुठवर जाऊ द्यायचं, कोणाला नुसतं बघू द्यायचं, कोणाला लिहू द्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे मी ठरवून देत असे. ते बिघडलं की जाऊन सरळही मीच करायचं. जळगावात आमची छोटी कंपनी होती, मालक धरून पाच माणसांची. खानदेशात ज्या संस्थांनी आणि कारखान्यांनी नव्वदच्या आसपास कॉम्प्युटर घेतले, त्यांच्याकडे आम्ही एसटीने जायचो. बाई कॉम्प्युटर दुरुस्त करायला आली आहे हे बघायलाच निम्मं ऑफिस जमायचं, आणि मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला नाही की त्यांची थोडी निराशाही व्हायची.

माझं काम स्क्रू ड्रायव्हरचं नव्हतं. तेव्हा एका संस्थेत एकच मोठं मशीन असे आणि त्याला वायरींनी सहा-आठ पडदे जोडलेले असत. प्रत्येक कारकून आपल्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाकून आत जाई. मशीनच्या पोटात या सगळ्यांची एक यादी असे, एका माणसाची एक ओळ. त्या ओळीत त्याचं नाव, पासवर्ड आणि एक नंबर. कोणाला काय करू द्यायचं ते या ओळीवरून ठरे. यादीत एक अक्षर चुकलं तर कोणी बाहेर अडकायचा, नाहीतर ज्याने आत जायला नको तो आत जाऊन बसायचा.

साक्रीकडच्या एका दूध संस्थेचे मॅनेजर फार सावध गृहस्थ होते. सगळे त्यांना आबा म्हणत. दुधात पाणी कोण घालतं हे हुडकण्यात त्यांची उमर गेलेली. ती यादी पडद्यावर कशी आणायची हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं, आणि मी गेल्यावर ते एकटेच ती वाचत बसले. आपल्या चार कारकुनांच्या वर त्यांना आठ-दहा अनोळखी नावं दिसली. ही नावं मशीनने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली असतात. आबांना वाटलं, कोणीतरी आपली माणसं घुसवली आहेत. त्यांनी एकेक करून सगळी काढून टाकली. सगळ्यात वर रूट नावाची ओळ होती, म्हणजे मशीनचा मुख्य धनी. तीही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन कोणालाच ओळखेना.

मी पोचले तेव्हा आबा स्टँडवरच उभे होते. चूक झाली वगैरे काही नाही, उलट मलाच त्यांनी विचारलं, "ताई, हाऊ रूट कोन शे? आमनाकडे या नावना मानूस नही." दिवसभर फ्लॉप्यांवरून मशीन चालू करून मी ती यादी पुन्हा लिहिली. निघताना आबांनी रूट मूळचा कुठल्या गावचा तेही विचारून घेतलं. मी अमेरिकेचा म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा आणखीच पडला.

आबांना मी खूप वर्षं हसले. आता हसत नाही. अनोळखी नाव दिसल्यावर त्यांना निदान संशय तरी आला. माझ्यापुढे ओळखीचं नाव आलं आणि मी डोळे मिटून विश्वास ठेवला. ती हकीकत सांगायलाच हा लेख लिहिते आहे.

रावेरकडे केळी उत्पादकांची एक सहकारी संस्था होती. सभासदांची केळी गोळा करून वॅगनने आणि ट्रकने दिल्लीकडे पाठवायची हे तिचं काम. केळीचं असं असतं की घड तयार झाला की तो थांबत नाही. कापणीला चार दिवस उशीर झाला तर झाडावरच पिवळा पडायला लागतो, आणि पिवळा पडलेला माल दिल्लीला जात नाही. त्यामुळे कोणाच्या बागेची कापणी कोणत्या दिवशी, हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न. त्याला तिथे नंबर म्हणत. नंबरांची यादी आधी वहीत असे. वही मॅनेजरच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. मग संस्थेने कॉम्प्युटर घेतला आणि यादी मशीनच्या पोटात गेली. संध्याकाळी ती छापून बाहेर फळ्यावर लावत.

यादीत बदल करण्याचा अधिकार मी दोघांनाच दिला होता. एक मॅनेजर साहेब, आणि दुसरा भास्कर. भास्कर पस्तिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. वही होती तेव्हाही नंबरांचं काम त्याच्याकडेच होतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना बसवून सांगितलं की पासवर्ड कोणाला द्यायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना सांगून टाकले. आमच्या खानदेशात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मागितलं आणि दिलं नाही, हा मोठा अपमान. त्यात पासवर्ड तर फुकटचा. मी हे जाणून होते, म्हणून बदल कोण करतं याची नोंद मशीनने आपोआप ठेवावी अशी सोय मी करून ठेवली. तारीख, वेळ, काय बदललं, कोणी बदललं. ही नोंद मला आणि मॅनेजरांनाच बघता येई. त्या सोयीचा मला फार अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी हंगामात काम वाढलं म्हणून प्रल्हाद नावाचा आणखी एक माणूस नंबरांवर घेतला. तो संस्थेच्या चेअरमनच्या, म्हणजे नानांच्या, नात्यातला होता. मॅनेजर मला म्हणाले, "मॅडम, भास्करला जसं आहे तसंच याला करून द्या." नवा माणूस मशीनच्या माणसांच्या यादीत घालायची एक सरळ वाट होती, पण त्यात मशीन वीस प्रश्न विचारी आणि मला चारची एसटी गाठायची होती. मी यादी उघडली, भास्करची ओळ उचलली, खाली तशीच्या तशी उतरवली, नावाच्या जागी प्रल्हाद लिहिलं, नवा पासवर्ड दिला. प्रल्हाद आत गेला, नंबर त्याला दिसले, बदलता आले. काम झालं. चारची गाडी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ऐन कापणीत, मॅनेजरांचा फोन आला. संध्याकाळी फळ्यावर लागलेली यादी आणि सकाळी कापणीच्या टोळीला मिळालेली यादी जुळत नव्हती. काही बागा मागे पडत होत्या, काही पुढे सरकत होत्या. असं बरेच दिवस चाललं होतं. एका सभासदाची अख्खी बाग झाडावर पिकली आणि तो पिवळे घड घेऊन ऑफिसात आला, ते त्याने मॅनेजरांच्या टेबलावर मांडले आणि खाली बसून राहिला. ओरडला नाही की शिव्या दिल्या नाहीत. मॅनेजर म्हणाले, ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. माझ्यासाठी ही तासाभराची गोष्ट होती. मशीनची ती नोंदवही उघडली, गेल्या महिन्यातले संध्याकाळनंतरचे बदल वेगळे काढले, प्रिंटर लावला. सतरा बदल निघाले. सतराही ओळींपुढे एकच नाव होतं, भास्कर. कागद फाडून मी मॅनेजरांच्या हातात दिला. त्यांनी तो नानांना दिला. नानांनी सतराही ओळी वाचल्या आणि म्हणाले की मशीनला काही नातंगोतं नसतं, ते खरंच लिहिणार. तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं. ते बोलताना नाना माझ्याकडे का बघत नव्हते, हा विचार मला पुष्कळ नंतर सुचला.

भास्करला आत बोलावलं. त्याने उभ्यानेच कागद वाचला, बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाला, "हे मी केलं नही." नानांनी विचारलं, मग तुझं नाव कसं? त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग एका तारखेवर बोट ठेवून म्हणाला की या दिवशी तो चोपड्याला लग्नाला गेला होता, दुपारनंतर ऑफिसात नव्हताच. मॅनेजरांनी हजेरीपट काढला. खरंच तो अर्ध्या दिवसाच्या रजेवर होता.

इथे माझी बुद्धी चालायला पाहिजे होती. चालली, पण उलटी. मला वाटलं, सापडला! स्वतः लग्नाला गेला आणि पासवर्ड दुसऱ्याला देऊन काम करवून घेतलं, म्हणजे अंगाला काही लागू नये. मी त्याला विचारलं, पासवर्ड कोणाला दिला होता? तो म्हणाला, "कोनालेच नही. तुमीच सांगितलं होतं ना ताई, देऊ नका म्हनून." मला तर हे आणखीच खोटं वाटलं. अख्ख्या ऑफिसात एकमेकांचे पासवर्ड सगळ्यांना पाठ, आणि हा एकटाच सोवळा? मी मॅनेजरांना सांगितलं की बदल याने स्वतः केले असतील, नाहीतर याने पासवर्ड दिला असेल, तिसरी शक्यता नाही. तिसरी शक्यता नाही, हे माझेच शब्द. मला ते अजून ऐकू येतात.

पुढे कळलं की त्याने खरंच कोणाला पासवर्ड दिला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्यांनी मागितला होता आणि त्याने नाही म्हटलं होतं, म्हणून ते त्याच्यावर डूख धरून होते. त्या दिवशी त्याच्या बाजूने एकही माणूस बोलला नाही, त्याचं निम्मं कारण माझी ताकीद होती.

भास्करला त्याच दिवशी निलंबित केलं. मी यादीत त्याच्या पासवर्डच्या जागी फुली मारली, म्हणजे तो आता कोणत्याही पडद्यावरून आत येऊ शकत नव्हता. गावाला कळायला संध्याकाळ लागली नाही. कोणाकडून काय घेतलं असेल याचे अंदाज माझ्यासमोरच सुरू झाले होते. एसटी स्टँडवर चहावाल्याने मला सांगितलं की भास्करने नवं छप्पर घातलं तेव्हाच लोकांच्या लक्षात यायला पाहिजे होतं. ते छप्पर त्याने तीन वर्षांपूर्वी घातलं होतं.

तीन आठवडे गेले. मग मॅनेजरांचा फोन आला, आवाज दबलेला. "मॅडम, भास्कर अजून आत येतोय."

मी म्हटलं, शक्य नाही. ते म्हणाले, नोंदवहीत रोज त्याचं नाव येतंय, कालचं आहे, आजचं आहे. त्यांनी ऑफिसचं कुलूप बदललं होतं. मागच्या खिडकीला जाळी ठोकली होती. रखवालदाराची उलटतपासणी झाली होती. भास्करचा धाकटा भाऊ कोणाकोणाकडे चहा पितो यावर नजर ठेवायला एक माणूस नेमला होता. कारकून एकमेकांकडे पाठ करून बसायला तयार नव्हते, सगळ्यांनी खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. मी हे स्वतः पाहिलं, पोचले तेव्हा सगळं ऑफिस भिंतीला टेकून बसलं होतं.

नानांनी मला आत बोलावून चहा दिला आणि सहज चौकशी करावी तशी विचारपूस केली. तुमचं माहेर कुठलं, धुळ्याकडचं का? जळगावात कोणत्या भागात राहता? भास्करची बहीण जळगावात दिलेली आहे, तुमची काही ओळख? मला समजायला थोडा वेळ लागला. यादीची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून संशय आता माझ्यावर आला होता. इतकी वर्षं मी लोकांना ज्या नजरेने बघत होते, ती नजर कशी असते हे मला त्या कपाच्या पलीकडून पहिल्यांदा दिसलं.

मी रागाने कामाला लागले. मॅनेजरांवर मला संशय होता, कारण अधिकार आता फक्त त्यांच्याकडे आणि प्रल्हादकडे होता. मी केबिनमध्ये मुख्य मशीनपुढे बसले, दार लोटून घेतलं आणि पडद्यावर नोंदवही उघडी ठेवली. आधी मॅनेजरांना बाहेरून एक बदल करायला सांगितलं. नोंद झाली, मॅनेजरांच्या नावाने. मग दारातून प्रल्हादला सांगितलं की तुम्ही एक करा. मी परत खुर्चीत बसते तोवर ओळ आली होती. तारीख आजची, वेळ आत्ताची, नाव भास्कर.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग माणसांची यादी उघडली. भास्करची ओळ, नंबर दोनशे चार. खाली प्रल्हादची ओळ, नंबर दोनशे चार.

हे बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगते. नाव हे आपल्यासाठी असतं. मशीन माणसाला नंबराने ओळखतं. नोंद करताना ते विचारतं, हे कोणी केलं? दोनशे चारने. मग दोनशे चार कोण हे बघायला ते यादी वरून वाचत येतं आणि पहिलं सापडलेलं नाव लिहून मोकळं होतं. भास्करची ओळ वर होती. भास्करला घरी बसवलं तरी ओळ वर होतीच, मी फक्त पासवर्डवर फुली मारली होती. प्रल्हाद पहिल्या दिवसापासून जे जे करत होता, ते भास्करच्या नावावर चढत होतं. आणि हे मीच करून ठेवलं होतं, चारच्या गाडीसाठी. ओळ उतरवताना नाव बदललं, पासवर्ड बदलला, नंबर बदलायचा राहिला.

मी काय केलं ते स्पष्ट लिहिते. मी फाईल बंद केली. बाहेर येऊन म्हणाले की प्रोग्रॅम तपासावा लागेल, जळगावला जाऊन सांगते. आणि निघाले.

मालकांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, पण धंदा करणारे. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले की नंबर गुपचूप बदलून टाक आणि व्हायरस होता म्हणून सांग. त्या दिवसांत व्हायरस हा शब्द नुकताच वर्तमानपत्रांत आला होता आणि लोक त्याला देवीच्या साथीइतके घाबरत. कोणी दुसरा प्रश्न विचारला नसता. पण व्हायरस म्हटलं असतं तर भास्करचं काय? नंबर बदलल्याने पुढचं सुधारतं, मागच्या नोंदी बदलत नाहीत. जुन्या सतरा ओळी भास्करच्याच राहिल्या असत्या.

त्या ओळी खरोखर कोणाच्या, हे सिद्ध करायला एकच वाट होती. कोणत्या पडद्यावरून कोणत्या नावाने कोण कधी आत आलं आणि कधी बाहेर गेलं, याचा मशीन एक वेगळा हिशेब ठेवतं, आणि त्यात आत येताना टाकलेलं नावच लिहिलेलं असतं. पण डिस्क लहान म्हणून तो दर महिन्याला पुसायची व्यवस्था मी स्वतःच केली होती. मशीनवरचा मागच्या महिन्याचा गेला होता. तो सापडला असता तर आमच्या कपाटातल्या बॅकअपच्या टेपवर, म्हणजे मशीनमधलं सगळं उतरवून ठेवलेल्या प्रतीवर. सापडला. टेप वाचून, सतरा ओळी समोर ठेवून, प्रत्येक वेळी आत कोण होतं ते जुळवायला मला एक दुपार लागली. सतराही वेळा आत प्रल्हाद होता. भास्कर एकदाही नव्हता. चोपड्याच्या लग्नाच्या दिवशी तर तो बाराला बाहेर पडल्याची नोंद स्वच्छ होती.

काम एका दुपारचं, पण मी रावेरला गेले पाचव्या दिवशी. मधले दिवस मी घाबरले होते. दुसरं काही कारण नव्हतं. भास्कर तिकडे घरी बसला आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी रोज सकाळी उद्या जाऊ म्हणत होते. हे लिहिताना आजही लाज वाटते.

शेवटी संचालकांच्या बैठकीतच जाऊन सांगितलं. नऊ माणसं होती, नाना मधल्या खुर्चीत. मी म्हटलं, बदल भास्करने केले नाहीत, ते प्रल्हादच्या पासवर्डने झाले आहेत, आणि नाव चुकीचं आलं ही माझी चूक आहे. नानांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे आणखी कोणाकोणाला माहीत आहे. कसं झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. प्रल्हादला कोणी बोलावलं नाही. पुढे सरकलेल्या बागा कोणाच्या माणसांच्या होत्या हे त्या नऊ जणांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं. मला तरी तसा दाट संशय आहे, आणि तो मी मागे घेत नाही.

दगडूआप्पा नावाचे एक म्हातारे संचालक होते, नानांखेरीज त्यांनीच काय ते तोंड उघडलं. "म्हंजे भास्करनं केलं नही, हे तुमी लिहून देता का?" मी हो म्हटलं. मग मजकूर काय असावा यावर तासभर चर्चा झाली. मॅनेजरांनी लिहिलं, माझ्या हातात दिलं. संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे श्री. भास्कर यांचे नाव नोंदीत आले होते, सबब त्यांना कामावर परत घेण्यात येत आहे. त्यात प्रल्हाद नव्हता, नाना नव्हते. मीही नव्हते. मला एकदम हलकं वाटलं आणि मी सही केली. जुळवलेली यादी संस्थेतच ठेवून जा असं नाना म्हणाले. मी एक प्रत दिली. दुसरी पर्समध्ये होती, तिच्याबद्दल बोलले नाही.

पत्र भास्करच्या घरी पोचवायचं मी मागून घेतलं. घरी त्याचे वडील म्हणाले की तो मळ्यात आहे. तो केळीच्या बुंध्यांजवळची जास्तीची पिलं, म्हणजे बाजूने फुटलेले कोंब, विळ्याने काढत होता. मला बघून विळा खाली ठेवला, हात पुसले, बांधावर पोतं अंथरून बसायला सांगितलं. पत्र त्याने तसंच वाचलं, बोट ठेवून. मग विचारलं, "बिघाड कोनी केला?"

मी म्हटलं, "मी." आणि दोनशे चारचं सगळं सांगितलं, गाडीची घाई धरून. तो ऐकत होता. राग दिसेना, त्यामुळे मला बोलणं आणखी अवघड झालं. संपल्यावर त्याने विचारलं, "आन् बागांचे नंबर कोनी बदलले?"

मी म्हणाले, ते मला सांगता येणार नाही, संस्थेचा प्रश्न आहे.

त्याने पत्राची घडी घातली. मग अगदी शांतपणे म्हणाला, "माझं नाव तर तुमी तासाभरात छापून दिलं होतं, ताई."

मी पर्स उघडली आणि यादी त्याच्या हातात दिली. सतरा ओळी, प्रत्येक ओळीत मशीनने लिहिलेलं नाव, शेजारी माझ्या अक्षरात खरं नाव, आणि कोणाची बाग मागे गेली, कोणाची पुढे आली. खाली माझी सही नव्हती. त्याने पेन मागितलं नाही, नुसती कोपऱ्यातली मोकळी जागा बघितली. मी पेन काढलं. ही चूक माझ्या हातून झाली, असं लिहून सही केली, तारीख घातली.

भास्कर सोमवारी कामावर गेला. चार दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. भास्करने तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, नंबर विचारायला येणाऱ्या माणसाला सरळ वाचता येईल असा तोंड फिरवून. तो कोणाला काही सांगत नव्हता. लोक येत, वाकून वाचत, आणि शेजारच्या टेबलावर बसलेल्या प्रल्हादकडे बघत. गेल्या चार दिवसांत वाचायला आलेल्यांत नंबर नसलेलेच जास्त होते.

"नाना विचारतायत," मॅनेजर म्हणाले, "हा कागद बाहेर गेला कसा?"

"मी दिला," मी म्हटलं. "तसं लिहून पाठवू का?"

पलीकडे केबिनचं दार लोटल्याचा आवाज आला.

"नको," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.